इंजिन नंबर, घोड्याचा डाग आणि उमरग्याचे गुरुजी

सोलापुरातील एका गॅरेजमध्ये उमरग्याचे एक शिक्षक गेल्या वर्षी तीन रविवार ओळीने येऊन बसले. समोर एक यामाहा आर. एक्स. १००. टाकी चेरी रंगाची, नव्याने रंगवलेली. चाकांच्या तारा लखलखीत. नंबर ‘एमएच २५’, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. पहिल्या रविवारी सांगितलेली किंमत लाखाच्या थोडी अलीकडे होती. दुसऱ्या रविवारी ती लाखाच्या पलीकडे गेली. तिसऱ्या रविवारी विकणारा किंमत सांगेनाच. “गुरुजी, कोल्हापूरची पार्टी येणार आहे. तुम्ही विसार देऊन ठेवा, मग बोलू,” एवढेच त्याचे म्हणणे.

तीस वर्षांपूर्वीच्या, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या दुचाकीपायी एखादा मुख्याध्यापक मुलीच्या कॉलेज-फीचे पैसे खिशात घालून का हिंडावा, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९८० नंतर जपानी कंपन्यांशी भागीदारीचा मार्ग मोकळा झाला आणि शंभर सी.सी.च्या गाड्या भारतात आल्या. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा, १९८६ मध्ये कावासाकी बजाज. यांच्याच रांगेत १९८५च्या अखेरीस एस्कॉर्ट्सने आर. एक्स. १०० उतरवली. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग थेट जपानहून यायचे आणि इथे जोडले जायचे. ‘मेड इन जपान’चा ठसा असलेल्या त्या गाड्यांना आज वेगळाच भाव आहे. इंजिन ९८ सी.सी.चे, टू-स्ट्रोक. ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच काळातली हिरो होंडा साडेसात अश्वशक्तीच्या आसपास होती. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. तुळजापूरच्या घाटात मागे माणूस बसवून चढताना तो किरकोळ राहत नाही. या भागात स्पोर्ट्स कार कोणी पाहिली नव्हती. वेग म्हणजे काय, हे बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका पिढीला याच गाडीने दाखवले.

दोष उघड होते. पेट्रोल पिई, टू-टीचे तेल जाळी, धूर सोडी. काटकसर करणाऱ्याने हिरो होंडा घेतली आणि ते शहाणपणाचेच होते. १ एप्रिल १९९६ पासून धुराचे नियम कडक झाले आणि त्याआधीच्या मार्चमध्ये आर. एक्स. १००चे उत्पादन थांबले. नंतर आर. एक्स. जी. आणि आर. एक्स. १३५ आल्या, पण जुन्या गाडीचा शौकीन त्यांचे नाव जरा खालच्या आवाजातच घेतो.

गुरुजींच्या वडिलांकडे अशी एक गाडी होती. १९९२ मध्ये दुसऱ्या हाताची घेतलेली. २९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. उजाडण्यापूर्वीच वडील गाडी काढून सास्तूरकडे निघाले, कारण बहीण तिथे दिलेली होती. दुपारी परतले तेव्हा मागे आत्या बसलेली होती. बाकी कोणी नव्हते. त्या दिवसाबद्दल घरात नंतर फारसे बोलणे झाले नाही. दहा वर्षांनी मोठ्या मुलीच्या लग्नात गाडी नऊ हजारांना गेली. ती घ्यायला आलेल्या माणसाने उसाच्या फडापर्यंत नेऊन फिरवून पाहिली आणि तो आवाज दूर जाईपर्यंत वडील ओसरीवर उभे होते, एवढे मुलाच्या लक्षात राहिले.

तेव्हा नऊ हजारांत जाणारी वस्तू आज लाखाला का भिडावी? नवी गाडी निघत नाही, जुन्या भंगारात जातात, उरलेल्या कमी होत जातात, हे एक. १९९० मध्ये जे कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून ती गाडी पाहत असत, त्यांच्या हातात आता पगार आहे, हे दुसरे. आणि मोबाईलवरच्या चित्रफितींनी आजच्या विशीतल्या मुलालाही त्या आवाजाचे वेड लावले. २०२२ मध्ये कंपनीच्या भारतातील प्रमुखांनी हे नाव पुन्हा वापरण्याचा मनोदय बोलून दाखवला. त्याने जुन्या गाडीचा भाव उतरला नाही.

गंमत अशी की, उमरग्याच्या वेशीपलीकडे हाच बाजार साडेपाचशे वर्षांपूर्वी भरत असे, फक्त घोड्यांचा. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७०च्या आसपास बहमनी राज्यात आला. होर्मुझहून एक घोडा घेऊन तो समुद्रमार्गे चौलला उतरला. सारे भांडवल त्या एका जनावरात. जुन्नरला तिथल्या अधिकाऱ्याने, असद खानाने, घोडा जप्त केला आणि परत हवा तर धर्म बदल, अशी अट घातली. एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला. पुढे बीदरला तो विकला, तोवर त्याच्या चाऱ्यावर बरेच पैसे गेले होते. दख्खनमध्ये घोड्यांना वाटाण्याबरोबर साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, याचे त्याला भारी नवल वाटले. आळंदच्या, आज कर्नाटकात असलेल्या पण उमरगा तालुक्याला लागून असलेल्या गावच्या, जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असे तो लिहितो. आकडा फुगवलेला असेल. पण दख्खनच्या हवेत अरबी घोड्याची पैदास नीट होत नसे, माल समुद्रापलीकडून येई आणि मेलेल्याची जागा भरायला पुन्हा आयातच लागे. त्यामुळे चढा भाव ही कायमची गोष्ट होती. त्या काळी बहमनी राज्याचा कारभार पाहणारा महमूद गावान स्वतः मूळचा व्यापारी. धाराशिव जिल्ह्यातला परांड्याचा किल्ला त्याच्याच नावाशी जोडला जातो.

दर्जानुसार किंमत ठरवण्याचा प्रयत्न त्याही आधी दिल्लीत झाला होता. अलाउद्दीन खिलजीच्या काळात पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्याचा ६५ ते ७० आणि तट्टू १० ते २५, असे दर बरनीने नोंदवले आहेत. भाव चढवणाऱ्या दलालांवर त्याचा विशेष राग. आणखी एक व्यवस्था त्याने लावली: घोड्याला डाग आणि स्वाराचा हुलिया. डागलेल्या घोड्याच्या जागी दुसरे मरतुकडे जनावर दाखवून पगार उकळता येऊ नये, हा हेतू.

डाग म्हणजे त्या काळचा चासी नंबर. आणि जिथे डाग आला तिथे खोटा डागही आलाच. गाडीच्या मानेवर ठोकलेला नंबर घासून दुसरा ठोकता येतो. वर रंग चढवला की साध्या डोळ्याला दिसत नाही. जाणकार म्हणूनच रंगाकडे पाहत नाही. तो नखाने रंग खरवडतो, आकड्यांची खोली पाहतो, इंजिनाचा नंबर आर. सी. बुकाशी ताडून बघतो. ‘वन एल वन’ने सुरू होणारा नंबर दिसला की त्याचा चेहरा बदलतो, तो बदल विकणाऱ्याला दिसू न देणे ही निराळी कला.

गुरुजींनी तिसऱ्या रविवारी नंबर ताडले. दोन्ही जुळले. अडचण नावात निघाली. आर. सी. बुकावर नळदुर्गकडच्या एका ग्रामसेवकाचे नाव होते आणि ते सहा वर्षांपूर्वी वारले होते. मधल्या तीन हातांनी गाडी नुसत्या स्टॅम्प पेपरवर फिरवली होती. नोंदणीची पंधरा वर्षे २००९ मध्येच संपली, त्यानंतर नूतनीकरण नाही, पर्यावरण कर थकलेला. विकणारा म्हणाला, “गुरुजी, या गाड्यांचे कागद असेच असतात. चालवायची की फ्रेम करून लावायची?”

कायद्याच्या नजरेत मात्र कागदावर ज्याचे नाव तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात, नुकसानभरपाई नोंदणीतल्या मालकावरच टाकली होती. इथे तो मालक हयात नाही. म्हणजे वारसांनी ३१ नंबरचा फॉर्म आणि मृत्यूचा दाखला घेऊन गाडी आधी आपल्या नावावर करायची, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून घेणाऱ्याच्या नावावर. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ची वेगळी नोंदणी आली, पण आर. एक्स. १००ची पहिली गाडी त्या वयाला २०३५ मध्ये पोहोचेल.

गुरुजींनी विसार दिला नाही. कोल्हापूरच्या पार्टीच्या आधी गाडी हातातून जाईल, हे धरूनच ते नळदुर्गच्या एस. टी.त बसले. ग्रामसेवकांच्या पत्नीने चहा ठेवला, सारे ऐकून घेतले आणि ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गाडीची पहिली पावती काढून दिली. मुलाला पुण्याहून बोलावून घेते, सह्या करते, म्हणाल्या, पैसे नकोत. फक्त सही करण्याआधी एकदा ती गाडी दारासमोर आणून चालू करून दाखवा.

गुरुजींनी अंगणातूनच सोलापूरला फोन लावला.