ऑफिस कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाच्याला बघायला नांदेडहून पाहुणे आले होते. मुलीचे वडील, मामू आणि आणखी एक बुजुर्ग. चहा-नाश्ता झाला, बोलणी गोडीत चालली होती. मग मामूंनी विचारलं, "मियाँ, कंपनी स्वतःची आहे म्हणता. ऑफिस कुठे आहे?"

भाच्याने वर बोट दाखवलं. जिना चढून गेलं की पत्र्याची एक खोली आहे. तिथे एक टेबल, दोन लॅपटॉप, एक इन्व्हर्टर आणि कोपऱ्यात आपाने ठेवलेली गव्हाची कोठी.

"आणि माणसं किती कामाला?"

"अकरा."

"ती कुठे बसतात?"

"आपापल्या घरी."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला अजून शिकायचं आहे. आपा दोन दिवस नीट जेवली नाही. दुल्हाभाई एवढंच म्हणाले, "अरे, गेटवर एक बोर्ड तरी लाव."

आमचं कनेरगाव नाका हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं गाव. इथे शटर वर असलं की धंदा चालू आणि खाली असलं की बंद. दुकान, मोंढा, शाळा, कचेरी, सगळं डोळ्यांना दिसतं. न दिसणाऱ्या कंपनीवर कोणी कसा विश्वास ठेवावा? खरं सांगायचं तर माझाही नव्हता. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात साठ डोळे समोर असले तरच शिकवलं असं मला वाटतं.

भाचा पुण्यात नोकरीला होता. लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि नंतर वडिलांच्या आजारपणामुळे इथेच राहिला. २०२१ मध्ये दोन मित्रांना घेऊन त्याने छोट्या दवाखान्यांसाठी नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. एक मित्र पुण्यात, दुसरा कोल्हापुरात. हळूहळू परभणीचा एक, मालेगावच्या दोघी, अकोल्याचा एक, असे अकरा जण झाले. काम चांगलं मिळत होतं. मुलं हुशार होती. तरी एक दिवस तो माझ्याकडे उतरलेला चेहरा घेऊन आला.

"खाला, मालेगावची ती मुलगी नोकरी सोडून चालली. सगळ्यांत चांगलं काम तिचं होतं. कारण विचारलं तर काही सांगत नाही. तू बोलून बघतेस का? बाई माणूस बाईशी बोलेल."

मी फोन केला. सलाम-दुवा झाली, घरच्यांची विचारपूस झाली. मग ती बोलली. तिच्या घरात नऊ माणसं. दुपारी सासूला दवाखान्यात न्यायचं, मुलाला शाळेतून आणायचं. रात्री सगळी निजली की ती शांतपणे चार तास काम करायची आणि काम वेळेवर द्यायची. दोन महिन्यांपूर्वी भाच्याने सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम टाकला होता. दर दहा मिनिटांनी तो पडद्याचा फोटो काढून त्याच्याकडे पाठवायचा. "मॅडम," ती म्हणाली, "काम कमी पडलं असतं तर बोलून घेतलं असतं. पण कोणीतरी खिडकीतून आत डोकावतंय असं रोज वाटायचं."

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मला कळणार कसं, की कोण काम करतंय?"

त्याला रागवायला माझी जीभ उचलली, पण मला माझाच लॉकडाऊन आठवला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हा शिक्षकांच्या हाती व्हॉट्सअॅपचा ग्रुप आला. मी रोज सकाळी धडा पाठवायचे आणि संध्याकाळपर्यंत वहीचे फोटो मागायचे. महिनाभराने मी "अभ्यास न पाठवणारे विद्यार्थी" अशी यादी करून ग्रुपवर टाकली. बाकीच्यांना धाक बसावा हा हेतू. त्या यादीत सातवीतली एक मुलगी होती. तिचे वडील ट्रक चालवायचे आणि घरातला एकुलता फोन त्यांच्याबरोबर फिरायचा. जानेवारी २०२१ च्या शेवटी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हा तिने माझ्यासमोर दोन वह्या ठेवल्या. पुस्तकातला प्रत्येक धडा, प्रत्येक प्रश्न सोडवलेला. "टीचर, फोन नव्हता, पण मी करत होते." यादी तिच्या वडिलांनी कुठल्यातरी ढाब्यावर वाचली होती. त्या मुलीची माफी मी वर्गासमोर मागितली, पण यादी काही परत घेता आली नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, चूक तुझ्या एकट्याची नाही. माणूस डोळ्यांसमोर नसला की आपल्याला भीती वाटते, आणि भीतीपोटी आपण पाळत ठेवतो. पण जगात तू पहिला नाहीस, ज्याची माणसं घरी बसून काम करतात. मी फळीवरचं पापडाचं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं.

लिज्जत पापड. गुजराती 'लिज्जत' म्हणजे आपलं उर्दू 'लज्जत', अरबीतून आलेला शब्द. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि मुलं हसतात. पण या पाकिटामागची गोष्ट भाच्याला ठाऊक नव्हती. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. ८० रुपये उधार घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना सल्ला देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी कसर करू नका. पहिल्या वर्षी पावसामुळे चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पावसाळ्यातही पापड वाळू लागले.

आता भाच्याच्या कामाची गोष्ट. तिसऱ्या वर्षापर्यंत बायका तीनशेच्या वर गेल्या. एवढ्या जणी गच्चीवर मावणार कशा? तेव्हा ठरलं की भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, पापड घरी लाटायचे आणि परत आणून वजन करून द्यायचे. म्हणजे गच्ची अपुरी पडली म्हणून कंपनी घराघरांत गेली. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार बायका आहेत. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

"यांच्या लाटण्याचा फोटो दर दहा मिनिटांनी कोण काढतं?" मी विचारलं.

भाचा हसला, पण विचारात पडला. आम्ही दोघं बसून त्या संस्थेची रीत उलगडत गेलो. सकाळी बाई कालचे पापड घेऊन केंद्रावर येते, ते तपासून घेतले जातात, मजुरी हातात पडते आणि नवं पीठ मिळतं. पापड चांगला म्हणजे कसा, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक. तो दुपारी लाटला की रात्री, हा त्या घराचा प्रश्न. रोज एकदा माणूस माणसाला भेटतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे लाटणारी बाई तिथे नोकर नाही, ती संस्थेची सभासद आहे, मालकीत तिचा वाटा आहे. आपल्याच घरच्या पापडात कोण वाळू घालेल?

पापडाची प्रत डोळ्यांना आणि जिभेला कळते. सॉफ्टवेअरचं तसं नाही. कोणाला काय करायचं, कसं करायचं, कोणी काय कबूल केलं, हे बोलण्यात राहतं आणि बोलणं विसरलं जातं. भाचा आणि पुण्याचा मित्र फोनवर काहीतरी ठरवायचे, बाकीच्यांना पत्ता नसायचा. एकदा परभणीच्या आणि अकोल्याच्या मुलांनी पंधरा दिवस खपून एकच काम दोनदा केलं होतं.

यावर भाच्यानेच मला एका परदेशी कंपनीची गोष्ट सांगितली. गिटलॅब तिचं नाव. युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स नावाच्या तरुणाने २०११ मध्ये ते काम सुरू केलं. त्याच्या घरात नळ नव्हता, पाणी विहिरीवरून आणावं लागे. पण दूर बसून मित्रांबरोबर काम करायला चांगलं साधन नाही, ही अडचण त्याला पाण्यापेक्षा मोठी वाटली. पुढे नेदरलँड्सचा सिड सिब्रँडाय त्याला येऊन मिळाला. त्या कंपनीला मुख्य ऑफिस असं नाही. अनेक देशांत माणसं आहेत, आणि २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या शेअरबाजारातही उतरली. त्यांच्याकडे छपराच्या जागी एक वही आहे. पगार कसा ठरतो, सुट्टी कशी घ्यायची, बैठक कशी चालवायची, सगळं त्यात लिहिलेलं आणि कोणालाही वाचायला खुलं. ते लोक तिला हँडबुक म्हणतात.

"मग तुमची वही कुठे आहे?" मी विचारलं. त्याने लॅपटॉपवर दाखवली. चार पानं, इंग्रजीत. मी वाचली. इंग्रजी अर्धंकच्चं होतं आणि कोणीतरी कुठूनतरी उचललेलं दिसत होतं. मग त्यांची रोजची बोलाचाली पाहिली. "डन?" "अपडेट?" "अजून नाही?" सलाम नाही, नमस्कार नाही, खुशाली नाही. भाषेच्या शिक्षकाला एक गोष्ट लगेच कळते. माणूस ज्या भाषेत अडखळतो, त्या भाषेत तो कमी लिहितो. ही मुलं इंग्रजीच्या लाजेने गप्प बसत होती आणि भाचा त्या गप्पपणाला कामचुकारपणा समजत होता. मी लॉकडाऊनमध्ये हेच केलं होतं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही वही मराठीत लिहिली. कोणी उर्दूत लिहून पाठवलं तर मी त्याचं मराठी केलं. पहिलं पान मालेगावच्या त्या मुलीच्या सांगण्यातून आलं. ती परत आली नाही, तिला दुसरीकडे काम मिळालं होतं. पण "काय असतं तर तू थांबली असतीस?" या भाच्याच्या प्रश्नाला तिने लांबलचक उत्तर लिहिलं. त्यातून ठरलं की पडद्याचे फोटो बंद. सकाळी अकरा ते एक सगळ्यांनी हजर राहायचं, बाकी वेळ ज्याची त्याची. रोज तीन ओळी लिहायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलं. तिसरी ओळ रिकामी ठेवली तरी चालेल, पण खोटी लिहायची नाही. फोनवर ठरलेली गोष्ट लिहून सगळ्यांपुढे ठेवली नाही, तर ती ठरली नाही असं समजायचं. कोणी दोन दिवस दिसला नाही तर काम विचारायच्या आधी तब्येत विचारायची, तीही फोन करून. पगार एक तारखेला, पैसे आले नसले तरी.

एका वाक्यावर मात्र माझं आणि भाच्याचं वाजलं. त्याने लिहिलं होतं, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." मी ते खोडलं. म्हटलं, कुटुंबात बायकांच्या कामाचे तास कोणी मोजत नाही. हे वाक्य लिहिणारा मालक उद्या रविवारीही काम मागेल आणि नाही म्हणणाऱ्याला परका ठरवेल. कुटुंब त्यांच्या घरी आहे, म्हणूनच तर ती घरी बसून काम करतात. तू त्यांचा वेळ अमानत समज, तेवढं पुरे. बऱ्याच वादानंतर वाक्य गेलं, आणि त्याच्या जागी वर्षाच्या नफ्यात सगळ्यांचा वाटा किती, हे लिहिलं गेलं. ते लिहायला त्याला तीन आठवडे लागले. पुण्याच्या मित्राला पटवणं सोपं नव्हतं.

डिसेंबरमध्ये सगळे पहिल्यांदा एकत्र आले, आपाच्या घरी, दोन दिवस. वर्षभर एकमेकांचे आवाज ऐकलेली मुलं समोरासमोर आल्यावर आधी लाजली. अकोल्याचा मुलगा एवढा उंच असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. कोल्हापूरच्याने स्वयंपाकघरात शिरून तांबडा रस्सा केला. मुलींची निजायची सोय माझ्या घरी होती. रात्री त्यातली एक म्हणाली, "मॅडम, आता मेसेज वाचताना चेहरा दिसेल."

सगळं सुरळीत झालं असं नाही. वीज जाते, नेट जातं. पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज होतो की बैठक जिन्याखाली घ्यावी लागते. मधल्या काळात एक मुलगा खरंच काम टाळणारा निघाला, आणि ते कळायला दोन महिने लागले. भरवसा ठेवला की कधी फसगत होते, भाच्याने ती सोसली. पण फोटो काढणारा प्रोग्राम त्याने परत टाकला नाही.

लग्न अजून ठरलेलं नाही. आपा मधूनमधून विषय काढते. बोर्डही लागलेला नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या किराणावाल्यांनी मलाच विचारलं, "टीचर, तुमच्या भाच्याचं ऑफिस नक्की कुठे आहे हो?" मी म्हटलं, "अकरा घरांत." त्यांनी मान हलवली आणि पाकीट पिशवीत घातलं. लिज्जतचंच होतं, पण तेवढी मोठी गोष्ट गल्ल्यावर उभं राहून कुठे सांगत बसणार, म्हणून इथे लिहिली.