चाकातला च

आम्हां माळव्यातील मराठी कुटुंबांत भाषा पुष्कळशी कानांनीच टिकून राहिली आहे. शाळा हिंदी, बाजार हिंदी. नातवंडांच्या कानी मराठी पडावयाची ती वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांतून. 'चार'मधला च निराळा आणि 'चाक'मधला निराळा, हा भेद पुस्तकाने सांगून भागत नाही. तो ऐकावाच लागतो. असे भेद वरच्या पट्टीतील ध्वनींत वसतात. म्हणून घरासाठी ध्वनिवर्धकांची जोडी बांधताना आम्ही सर्वांत अधिक वेळ दिला तो क्रॉसओव्हरच्या जुळणीस.

रचना अशी : वर एक वूफर, खाली तसाच दुसरा, मधोमध ट्वीटर. अमेरिकन अभियंते जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये या मांडणीचे शास्त्रीय विवेचन केले. कॉइल आणि कपॅसिटर यांचा क्रॉसओव्हर खालचे ध्वनी वूफरकडे व वरचे ट्वीटरकडे धाडतो. आमची सीमा सेकंदाला २,५०० कंपनांची. उतार सप्तकामागे २४ डेसिबल.

ही सीमा व्यंजनांच्या अगदी वाटेवर येते. तेथे वूफर आणि ट्वीटर यांची कंपने एकतालात नसली, तर आवाजात खळगा पडतो. पारखण्याची युक्ती सोपी आहे. ट्वीटरच्या दोन तारा तात्पुरत्या उलट जोडाव्यात आणि बसण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून मोजावे. सीमेवर खळगा जितका खोल व रेखीव, तितकी मूळ जोडणी अचूक. मग तारा पूर्ववत कराव्यात. आम्ही कपॅसिटर बदलत राहिलो. खळगा मनाजोगता खोल होईतो चार रविवार गेले.

खरा पेच उंचीचा होता. २,५०० कंपनांना ध्वनीची लाट जेमतेम १४ सेंटिमीटरची, तर आमच्या दोन वूफरांच्या मध्यांत अंतर २४ सेंटिमीटर. ऐकणारा वर किंवा खाली सरकला की दोन्हींकडून येणाऱ्या लाटा एकमेकींस उणे करू लागतात. आमच्या घरी दादा खुर्चीवर बसतात आणि आई सतरंजीवर, नातवंडांना मांडीशी घेऊन. ट्वीटर दादांच्या कानाशी आणावा, तर आईच्या आणि मुलांच्या वाट्यास उणा आवाज यावयाचा.

या मांडणीचा गुण असा, की तिचा ध्वनिझोत वर वा खाली कलत नाही. दोन्ही बाजूंस सारखाच उतरतो. तेव्हा आम्ही ट्वीटर दोघांच्या कानांच्या बरोबर मध्यावर आणला. कुणालाच सर्वोत्तम मिळाले नाही, पण उणे झाले ते नगण्य, आणि दोघांना सारखेच.

आता संध्याकाळी देवासच्या कुमार गंधर्वांचे गाणे लागते. आई अधूनमधून एखादा शब्द स्वतःशी म्हणते, आणि धाकटी नात तो तिच्यामागून म्हणते. तिचा च आता चाकातला येतो.