सुराच्या जरा अलीकडे

दोन तारा जवळजवळ एकाच सुरात आल्या की त्यांच्यातून एक लहर निघते. एक तार सेकंदाला २२० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २२३ वेळा, तर कानाला दर सेकंदाला तीनदा आवाज फुगून ओसरल्यासारखा वाटतो. तानपुरा लावणाऱ्याला ही लहर पाठ असते. जोडीची एक तार छेडायची, मग दुसरी, मणी केसभर सरकवायचा. लहर लांबते, मंदावते आणि एका क्षणी नाहीशी होते. तिथे हात थांबतो.

न्यू यॉर्कच्या सॉनिक यूथ या बँडचे हात त्या क्षणाच्या जरा अलीकडे थांबायचे, आणि मुद्दाम थांबायचे. त्या अलीकडच्या जागेसाठी मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे परत जाते. ज्यांना हे संगीत सोसत नाही, त्यांनाही बहुधा तीच जागा सोसत नाही. भांडण आहे ते एवढ्याशा फटीवरून.

१९८१ साली थर्स्टन मूर, किम गॉर्डन आणि ली रानाल्डो एकत्र आले. १९८५ मध्ये ड्रम्सवर स्टीव्ह शेली आला आणि बँडला घाट आला. सुरुवातीला हाताशी पैसे नव्हते. मिळतील त्या स्वस्त, जुन्या गिटारी त्यांनी घेतल्या. त्यातल्या काही नेहमीच्या सुरात टिकतच नसत. मग त्यांनी त्या गिटारींना नेहमीच्या सुरात आणायचा हट्टच सोडून दिला. ई, ए, डी, जी, बी, ई ही शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली रचना मोडून कुठे दोन-तीन तारा एकाच स्वरावर लावल्या, कुठे एकीला दुसरीच्या अगदी शेजारी आणून ठेवलं. तारांखाली ड्रमची काठी खुपसली, स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. फेंडर कंपनीची जाझमास्टर ही गिटार १९५८ मध्ये जाझवाल्यांसाठी निघाली होती. त्यांनी तिला फारसं जवळ केलं नाही, म्हणून पुढे ती स्वस्तात मिळू लागली. तिच्या घोडीमागे तारांचा एक लांब तुकडा मोकळा राहतो. तिथे वाजवलं की दूरच्या घंटांसारखा नाद येतो. सॉनिक यूथने त्या बिनकामाच्या तुकड्याला कामाला लावलं.

त्यामुळे गाण्यागणिक वेगळी गिटार असे, आणि गाणं जणू त्या वाद्याच्या अंगातच राहायचं. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा सामानाचा ट्रक चोरीला गेला. दुसऱ्या एखाद्या बँडने विम्याचे पैसे घेऊन दुकान गाठलं असतं. इथे मात्र वर्षानुवर्षं जमवलेली, ठोकून-वाकवून आपलीशी केलेली वाद्यं गेली आणि त्यांच्याबरोबर काही गाणी वाजवण्याची सोयही गेली. ज्यांना हा नुसता गोंगाट वाटतो त्यांनी या चोरीचा विचार करावा असं मला फार वाटतं. गोंगाट कुठल्याही गिटारवर करता येतो.

या वादातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र सॉनिक यूथचा नाही. तो ग्लेन ब्रांकाचा. ब्रांका हा न्यू यॉर्कचा संगीतकार. इलेक्ट्रिक गिटारींचा ताफा उभा करून तो भिंतीसारखा नाद रचायचा. मूर आणि रानाल्डो दोघेही त्याच्या संचात वाजवून तयार झाले. १९८२ मध्ये शिकागोच्या एका संगीत महोत्सवात त्याची रचना जॉन केजने ऐकली. हा तोच केज, ज्याने १९५२ मध्ये वादकाला वाद्यासमोर नुसतं बसवून सभागृहातली खाकरणी आणि खुर्च्यांची करकर यांनाही संगीतात जागा दिली होती. सगळे आवाज संगीत आहेत असं आयुष्यभर सांगणारा तो माणूस ब्रांका ऐकून हादरला. एकाच माणसाची इच्छा बाकी सगळ्यांवर चालते आहे, असं त्याला जाणवलं आणि फॅसिझमची आठवण झाली. तसं तो बोलूनही गेला.

केजचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मी बाजूलाही सारू शकत नाही. कान बंद असलेल्या माणसाची ती तक्रार नव्हती. त्या काळातला सर्वांत उघडा कान बोलत होता. कर्कशपणाचं त्याला वावडं नव्हतं. ऐकणाऱ्याला हलायला जागाच उरत नाही, हे त्याला बोचलं. सॉनिक यूथने ब्रांकाकडून नाद घेतला आणि ही जागा मात्र मोकळी ठेवली, असं मला वाटतं. त्यांच्या दोन गिटारी एकमेकींवर स्वार होत नाहीत. एक पुढे सरकते, दुसरी बाजूला काहीतरी खुडत राहते, आणि मधून वारा जातो.

माझ्या आत्याची तक्रार आणखी वेगळी. ती किराणा घराण्याचं गाणं शिकलेली, तानपुरा तिनेच मला लावायला शिकवला. तिला मी सॉनिक यूथ ऐकवलं. तिने डोळे मिटून, मध्ये काही न बोलता ऐकलं. मग म्हणाली, “खरखरीचं काही नाही गं. तानपुऱ्याच्या जवारीत काय कमी खरखर असते? पण यात षड्ज कुठाय? फिरून यायचं कुठे?” मी म्हणाले, “आत्या, खालची मोकळी तार ऐक ना, ती वाजतेच आहे.” ती म्हणाली, “वाजतेय. पण तिच्यापाशी कुणी येत नाही.” तिचं मत आजही तेच आहे, आणि ते मला खोडता येत नाही. कित्येक गाण्यांत खरोखरच घर मागे पडतं आणि कुणी वळून बघत नाही. मला ते हवंहवंसं वाटतं, तिला पोरकं वाटतं.

गंमत अशी की आत्याचा आणि सॉनिक यूथचा, हे दोन नाद एकमेकांना अगदीच परके नाहीत. ला माँट यंग हा अमेरिकन संगीतकार अखंड लांबणाऱ्या स्वराने झपाटलेला होता. १९७० मध्ये तो पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचेच, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. त्याआधी, साठच्या दशकात, यंगच्या संचात जॉन केल व्हायोलावर तासन्‌तास एकच स्वर धरून बसायचा. तोच केल पुढे लू रीडबरोबर व्हेल्वेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये गेला. रीडने तर १९६४ मध्येच एका गाण्यासाठी गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या होत्या. रॉकच्या गिटारमध्ये अखंड नाद शिरला तो या दारातून.

मग हा कडवटपणा कानात असतो की सवयीत? हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये मांडलं की दोन स्वरांमधल्या लहरी जलद झाल्या, सेकंदाला तीसेकच्या आसपास गेल्या, की त्या मोजता येत नाहीत, नुसत्या टोचतात. ते टोचणं खरं आहे. पण २०१६ मध्ये बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांना गोड मानलेले आणि कडू मानलेले स्वरमेळ सारखेच बरे वाटले. खरखर मात्र त्यांनाही नकोशीच होती. म्हणजे थोडं अंगातलं, बरंचसं घरातलं. आत्याचं घर आणि माझं घर एकच असूनही.

समीक्षकांनी टोकं गाठली. १९८८ चा ‘डेड्रीम नेशन’ हा दुहेरी अल्बम व्हिलेज व्हॉइस या न्यू यॉर्कच्या साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या समीक्षक-मतदानात दुसरा आला. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने २०००च्या ‘एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स’ला दहापैकी शून्य गुण दिले आणि दोनच वर्षांनी ‘डेड्रीम नेशन’ला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. तो शून्यवाला अल्बम चोरीनंतर, नव्या गिटारी हाती धरून केलेला. तो मला काही ठिकाणी विरळ, पोकळ वाटतो. तरी शून्य हा गुण अन्यायाचा आहे. शून्य म्हणजे ऐकायलाच नकार. १९९१ मध्ये रॉक गायक नील यंगच्या दौऱ्यात त्याच्या आधी सॉनिक यूथ वाजवायचे, तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठायची. ती मला त्या शून्यापेक्षा प्रामाणिक वाटते. ती माणसं निदान आवाजाच्या समोर उभी होती.

१९९५ च्या ‘वॉशिंग मशीन’ या अल्बमच्या शेवटी ‘द डायमंड सी’ नावाचं गाणं आहे. सुरुवातीला ते इतकं साधं, इतकं मायेचं आहे की आत्यालाही आवडावं. मग शब्द संपतात. मिनिटांमागून मिनिटं फक्त गिटारी उरतात, उजेडाचे तुकडे पाण्यावर फुटत राहावेत तशा. त्या लहरी कधी रुंद होतात, कधी दातांपर्यंत पोचतात, आणि कुठेही मिटत नाहीत. रेडिओसाठी याच गाण्याची पाचेक मिनिटांची आवृत्ती काढली होती. तिच्यात चाल तेवढी उरली, समुद्र गेला.

तुम्ही ऐकणार असाल तर अल्बमवरची १९ मिनिटं ३५ सेकंदांची आवृत्तीच ऐका, चांगल्या स्पीकरवर, दुसरं काही न करता. नाही आवडली तर मध्येच उठा. मात्र कितव्या मिनिटाला उठलात ते लक्षात ठेवा आणि भेटलात की मला सांगा. आपलं बोलणं तिथून सुरू करू.