साडेतीन फुटांची गोष्ट

माझी उंची पाच फूट एक इंच. होस्टेलवर मला 'नॅनो' म्हणतात. त्यामुळे 'हॉबिट' हे नाव ऐकलं की मला उगाच आपुलकी वाटते. पण मित्रांनो, ही हॉबिट सिनेमातली नाही, खरीखुरी आहे!

२००३ साली इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ गुहेत एका प्रौढ बाईचा सांगाडा सापडला. उंची जेमतेम १०६ सेंटीमीटर, मेंदू सुमारे ४०० सीसी, म्हणजे आपल्या एक तृतीयांश. २००४ मध्ये या मानवजातीचं नामकरण झालं, 'होमो फ्लोरेसिएन्सिस'.

"आजारी माणूस असेल," असं काही शास्त्रज्ञ म्हणाले. पण २०१४ मध्ये त्याच बेटावर माता मेंगे इथे सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचा जबडा आणि दात सापडले, तेही असेच चिमुकले. आख्खी जमात लाखो वर्षं आजारी कशी असेल?

मग कारण काय? बेटावर अन्न मोजकं, वाघ-सिंहांसारखे शिकारी नाहीत. टंचाईत कमी खाऊन भागवणारे तगतात, त्यांची पोरं तगतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या आकार उतरत जातो. फ्लोरेसवर हत्तीचा भाऊबंद स्टेगोडॉन बुटका झाला. उंदीर मात्र सशाएवढे! बेटांवरचा हा कल ब्रिस्टल फॉस्टर यांनी १९६४ मध्येच मांडला होता.

पण फॉर्म्युला पाठ करून भागत नाही. मादागास्करच्या लीमरांनी दोन्ही टोकं गाठली. आर्किओइंड्रिस गोरिलाएवढा होता, तो नामशेष झाला. ३० ग्रॅमचा एक लीमर आजही आहे. जशी जागा रिकामी, तसं शरीर.

मागच्या वर्षी इंटर्नशिपच्या मुलाखतीत एका साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "शॉप फ्लोअरवर कामगार तुझं ऐकतील का?" ते बरेच दिवस सलत होतं.

माझी उंची काही बेटामुळे नाही, आजीकडून आलीये. उत्क्रांती जमातीची होते, एकट्यादुकट्याची नाही. तेव्हा हॉबिटचा दाखला देऊन मी उंच ठरत नाही, हे मान्य. पण आपण मेकॅनिकलवाले शाफ्टचा व्यास ठरवताना आधी लोड विचारतो ना? 'चांगला साइज' असं नुसतं काही नसतंच. आपला मेंदू वजनाच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. फ्लोरेसवाल्यांनी ४०० सीसीत दगडी हत्यारं घडवली आणि बेटावर लाखो वर्षं संसार केला.

साहेब, आधी काम सांगा. माप नंतर घ्या!