अडीचशे फूट

मी जन्मलो त्याच्या आधीच आमचं गाव मेलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गाव दमून झोपलेलं. किल्लारीच्या आसपास जमीन हलली आणि लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं मातीला मिळाली. सरकारी आकड्यानंसुद्धा साडेसात हजारांवर माणसं गेली. तेरणेच्या काठचं आमचं गाव त्यातलंच एक.

हे सगळं मला आजीनं सांगितलं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, तुटलेला धागा जोडायचं काम. आजीचं बोलणंही मधेच तुटायचं. मी जोडून घ्यायचो.

आजी म्हणायची, "आपल्याकडं दगडाला पैसा नव्हता, म्हनून आपन जगलो."

हे मला लहानपणी कळायचं नाही. पुढं कळलं. गावात वाडे होते. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद काळ्या दगडाच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. आमच्याच लोकांनी ते दगड वाहिले, चिखल तुडवला. घर उभं राहिलं की मात्र उंबऱ्याच्या बाहेर. आणि आम्ही महारवाड्यात, कुडाच्या भिंतीत, वर पत्रा नाहीतर पाचट. जमीन हलली तेव्हा आमचा कूड अंगावर पडला, माणसं झटकून उठली. वाड्यातली माणसं दगडाखाली राहिली. त्या पहाटे आमची माणसं पहिल्यांदा वाड्यात गेली, मुडदे काढायला. कोणाचा हात लागतोय हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

यात आनंद मानावा असं काही नाही. आजीची धाकटी बहीण वाड्यावर कामाला होती. रात्री उशीर झाला म्हणून भांडी घासून तिथंच पडवीत झोपली. भिंत पडताना जात बघत नाही. पण भिंत कोणाच्या नशिबी कोणती येते, हे जात बघून ठरतं.

लोक म्हणतात धरणीमाय कोपली. कोप कसला? १९९२ च्या पावसाळ्यापासून जमीन गुरगुरत होती. माणसं भिऊन बाहेर झोपत होती. नकाशात मात्र आमचा पट्टा सगळ्यात कमी धोक्याचा. माणसं मेल्यावर, २००२ साली, नकाशात आम्हाला तिसऱ्या पट्ट्यात ढकललं. कागदाला जाग यायला नऊ वर्षं लागली.

मग पुनर्वसन. नवं गाव, सरळ रस्ते, सरळ रांगा. ज्यांना जमीन नाही किंवा अगदी थोडी, त्यांना अडीचशे चौरस फुटांचं घर. मधल्यांना साडेचारशे. मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. धरणीनं सगळ्यांना एकाच मापानं मोजलं होतं. सरकारनं पुन्हा सातबारा काढला. आमच्या हाती सातबारा कधी नव्हता, म्हणून आम्ही अडीचशेच्या रांगेत, गावाच्या कडेला. खोटं कशाला बोलू, घर पक्कं होतं. कुडात जन्मलेल्या आजीनं त्या भिंतीवरून हात फिरवला आणि रडली. पण माणूस अडीचशे फुटांत किती वर्षं मावतो? पोरं होतात, पोरांची लग्नं होतात.

आता गिरणीची गोष्ट सांगतो. ती वेगळी नाही.

१० जुलै २०२४. आमची रात्रपाळी सातला सुटते. त्या दिवशी बदली आला नाही म्हणून मला थांबवलं. सव्वासातच्या सुमाराला हिंगोलीकडं भूकंप झाला, साडेचारचा. नांदेड, परभणीपर्यंत माणसं घराबाहेर पळाली. आमच्या खात्यात कुणाला पत्ता नाही. फ्रेम चालू असल्या की फरशी तशीही थरथरत असते, आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. भूकंप झाला हे आम्हाला गेटवरच्या चहावाल्यानं सांगितलं.

मी मागच्या दाराकडं बघितलं. कुलूप. बॉबिन चोरीला जातात म्हणून रात्री कुलूप. किल्ली साहेबाकडं, साहेब नऊला येणार. आत आम्ही चाळीस माणसं. त्या दिवशी मला पडवीत झोपलेली ती बाई पहिल्यांदा दिसली.

आम्ही चौघं जाऊन बोललो. नोकरी जाईल असं बाकीचे म्हणत होते, खोटं नव्हतं. शेवटी एवढं झालं, की किल्ली दाराशेजारी आतल्या बाजूला खिळ्याला टांगली जाते. पाळी सुरू झाली की पहिल्यांदा मी तो खिळा बघतो, मग धागा.

दिवाळीला घरी गेलो तर बा भिंत बांधत होता. धाकट्याचं लग्न ठरलेलं, एक खोली पाहिजे. जुन्या गावाच्या पडक्यातनं ट्रॅक्टरनं काळे दगड आणलेले. दोन फूट रुंद भिंत, चिखलात, कमरेइतकी आलेली.

मी म्हणालो, "बा, हे काय करायलास?"

"दिसत न्हाई का? दगड फुकट हाय. इटा, सिमेंट तुझा मालक देनार हाय का?"

"तुझी मावशी कशाखाली गेली?"

बा थापी हातात धरून बसला. त्या दिवशी काम बंद.

रागानं भिंत थांबते, खोली होत नाही. आमच्या रांगेत एक म्हातारा गवंडी आहे, भूकंपानंतर शिकवलेल्या गवंड्यांतला. त्याला आणलं. त्यानं दाखवलं: अशी भिंत म्हणजे दोन पातळ भिंती, मधे चुरा आणि चिखल. हादरा बसला की दोन्ही अंगं सुटतात, भिंतीला पोट येतं आणि वरचं माळवद खाली येतं. म्हणून दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर एक लांब दगड आरपार घालायचा, दोन्ही अंगांना धरून ठेवणारा. कोपऱ्यात लांब दगड आलटून-पालटून. दाराच्या वरून चारी भिंतींना सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा, पोत्याला सुतळी बांधावी तसा. दार कोपऱ्याला चिकटून नको. वर माती अजिबात नाही. पत्रा, तोही नटबोल्टनं आवळलेला. वाऱ्याला भिऊन पत्र्यावर दगड ठेवतात, ते नको.

भिंत उतरवली, पुन्हा पहिल्यापासून बांधली. माझा बोनस सळई आणि सिमेंटात गेला. मायनं स्वतःहून घरातल्या माळ्यावरची लोखंडी पेटी खाली घेतली, कारण त्याखाली ती झोपते.

दोस्तांनो, कवितेत मी भूकंप पुष्कळ वापरला. व्यवस्था हादरवायला, भिंती पाडायला. आता लिहिताना हात अडखळतो. आपल्याला पाडायच्या भिंती आहेत, आणि ज्यांच्याखाली आपली लेकरं झोपतात त्या धरून ठेवायच्याही आहेत. तुमच्या वस्तीतल्या भिंतीला हात लावून बघा. पोट आलंय का बघा. मागच्या दाराची किल्ली कोणाकडं आहे ते विचारा.

बानं प्रत्येक आरपार दगडावर चुन्याचं बोट ओढलं, एकही चुकू नये म्हणून. खोली झाल्यावर त्यानं ते मोजले. बावीस भरले.

कागदावर आमचं घर अजून अडीचशे फूटच आहे.