मूळव्याध नाही, मग काय?

आमच्या बीड जिल्ह्यात शौचातून रक्त पडलं की निदान तयारच असतं: मूळव्याध. मलाही दीड वर्ष त्याच्याच गोळ्या दिल्या गेल्या. पुण्यात ऑफिसची मीटिंग सुरू असताना मी कॅमेरा बंद करून संडासाकडे पळायचो. वजन अकरा किलोंनी उतरलं.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा चुलतबहिणीने विचारलं, "रात्री झोपेतून उठून जावं लागतं का रे?" ताई नर्स आहे. मी म्हटलं, दोन-तीनदा. "मग नुसती मूळव्याध नसेल. पोटाच्या डॉक्टरला दाखव."

कोलोनोस्कोपीत निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. आयबीडी, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार, त्यातला हा एक. यात सूज मोठ्या आतड्याच्या अस्तराला येते. दुसरा क्रोन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत उतरतो. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हुबेहूब सारखे दिसू शकतात. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले, तर टीबी बळावतो.

"असं काय खाल्लंस?" हे मला सगळ्यांनी विचारलं. आईने तर स्वतःच्या तिखट हाताला दोष दिला. पण हा आजार मिरचीने होत नाही. जनुकं, आतड्यातले जिवाणू, आजूबाजूची परिस्थिती आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती, असं सगळं त्यात जुळून येतं. 2001 मध्ये नॉड2 या जनुकातले बदल क्रोन्सशी जोडले गेले, तरी ते बदल असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. आमच्या कामात कधीकधी एक ओळ बदलली की बग जातो. इथे तशी ओळ नाही. बरं वाटलं तरी गोळ्या चालू ठेवायच्या.

मला निदान फ्लॅटमध्ये संडास तरी होता. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडचे कोयते ऊसतोडीला जातात. कोपीपाशी बहुतेकदा संडास नसतो. दिवसातून दहा वेळा जावं लागणारी बाई तिथे काय करत असेल? आणि सांगेल कुणाला?

सांगितलंच तर नर्सला. म्हणून ताईने तिच्या ज्युनिअर नर्सेससाठी माझ्याकडून एक पान टाइप करून घेतलं. रक्त किती दिवसांपासून? रात्री उठावं लागतं का? वजन घटलं का? ताप येतो का? सांधे दुखतात, डोळे लाल होतात का? घरात कुणाला टीबी किंवा असाच त्रास आहे का?

प्रिंट काढल्यावर तिने सगळ्यात वर पेनाने एक ओळ लिहिली: सोबतच्या माणसाला आधी बाहेर बसवा.