हुतूतू आणि आईची काळजी

मुलाची निवड शाळेच्या कबड्डीच्या संघांत झाली, म्हणजे घरांत एकाच बातमीचे दोन अर्थ होतात. वडिलांस त्यांत मान दिसतो, आईस मोडलेला हात दिसतो. मिरचीच्या बाजारपेठेबद्दल नांव मिळविलेल्या आमच्या दोंडाईच्यास संध्याकाळीं कोठें मोकळी जागा दिसली, कीं मुलें रेघा ओढून हुतूतू मांडतात; आणि "काकू, १३ वर्षांचा पोर तो, सात जण त्याच्या अंगावर पडतात. खेळूं द्यावें कीं नको?" हा प्रश्न शेजारच्या आयाबाया आम्हांस वरचेवर विचारतात. त्यांस आम्ही जें उत्तर देतों, तें इतर मातापितरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथें मांडीत आहों.

ही काळजी खोटी नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. हुतूतू हा अंगाला अंग भिडविण्याचा खेळ आहे. चढाई करणारा एका दमांत परपक्षांत शिरतो, आणि तेथील गडी त्याचा घोटा, मांडी वा कंबर धरून त्यास मध्यरेषेकडे परतूं देत नाहींत. पाय रोवलेला असतांना धड फिरलें तर गुडघ्याचे बंध दुखावतात, बोटें मुरगळतात, कधीं डोकें जमिनीवर किंवा दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळतें. "खेळांत लागायचेंच," असें म्हणून हें उडवून लावणारे गृहस्थ आम्हांस मुळींच पटत नाहींत.

परंतु काळजीचें पर्यवसान बंदींत व्हावें, हेंही आम्हांस मान्य नाहीं. या खेळास महागडें साहित्य लागत नाहीं. दम, चपळाई आणि सोबत्यावरील विश्वास एवढेंच लागतें. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें तो जगास दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत त्यास पदकाचें स्थान मिळालें. आणि २०१० पासून त्या स्पर्धेंत स्त्रियाही कबड्डीच्या पदकासाठीं खेळूं लागल्या. त्याचे नियमही विचारपूर्वक केलेले आहेत. नखें कापलेलीं असावींत, अंगावर दागिना नसावा, चढाई करणाऱ्याचें तोंड दाबूं नये, पायांची कात्री घालून त्यास पाडूं नये, असें नियमांतच आहे. कुमारांच्या स्पर्धांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. हे नियम गल्लींतल्या खेळांत पाळले जातात कीं नाहीं, हें पाहणें मात्र वडीलधाऱ्यांचें काम आहे.

म्हणून आईनें एकदां स्वतः मैदानावर जावें. आपल्या खानदेशची काळी जमीन पावसाळ्यांत चिकट होते आणि उन्हाळ्यांत भेगाळून दगडासारखी कठीण बनते. माती खणून, खडे वेंचून, वर पाणी शिंपडून ती मऊ केली आहे काय? ३५ किलोंच्या मुलासमोर ५० किलोंचा मुलगा उभा केला जातो काय? कसें पकडावें याबरोबर कसें पडावें, हेंही शिक्षक शिकवितात काय? उन्हाळ्यांत येथें पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हां सराव उन्हें टाळून होतो काय, आणि प्यावयास पाणी असतें काय? हे प्रश्न विचारणाऱ्या आईस कोणी भित्री म्हणेल, तर खुशाल म्हणूं द्यावें.

डोक्याच्या माराविषयीं स्वतंत्र लिहिणें अवश्य आहे. अमेरिकेंत शिरस्त्राण घालून परस्परांस पाडण्याचा जो फुटबॉल मुलें खेळतात, त्यावरून तेथील आईबापांतही हाच वाद चालतो. शिरस्त्राणानें कवटी वांचते, पण आंतल्या मेंदूस बसणारा हिसका टळत नाहीं. आपल्याकडे जो फुटबॉल खेळतात, त्याच्या तेथील संघटनेनें तर १० वर्षांच्या व त्याहून लहान मुलांनीं चेंडू डोक्यानें मारूं नये, असें २०१५ सालीं ठरविलें. मेंदूस इजा होण्यास शुद्ध हरपावीच लागते असें नाहीं. मार लागल्यावर डोकें दुखणें, गरगरणें, मळमळणें, उजेड न सोसणें, तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणें, यांतील एकही लक्षण दिसलें तर मुलानें त्या दिवशीं पुन्हां खेळूं नये. डॉक्टरांस दाखवावें आणि त्यांच्या संमतीनेंच पायरीपायरीनें मैदानावर परतावें. वारंवार उलटी झाली, डोकेंदुखी वाढत गेली, झोंपेंतून उठविणें कठीण झालें किंवा आंचके आले, तर रात्र आहे हें न पाहतां रुग्णालय गांठावें.

आमचें मुख्य सांगणें यापुढेंच आहे. यांतील बहुतेक लक्षणें बाहेरून दिसत नाहींत. मुलानें तीं सांगावीं लागतात. आमच्या नात्यांतील एका मुलास हुतूतूची सक्त बंदी होती. तो चोरून खेळला, डोक्यावर पडला, आणि "अभ्यासानें डोकें दुखतें," असें सांगून दोन दिवस अंधाऱ्या खोलींत निजून राहिला. सुदैवानें तो बरा झाला. पण त्या दोन दिवसांत त्याच्या आईस कशाचाच पत्ता नव्हता. बंदीनें मार टळला नाहीं, तो लपला मात्र. उलट, "मर्दासारखें सोस," म्हणणारे वडीलही मुलाचें तोंड तितकेंच बंद करितात.

म्हणून आईबापांनीं मुलास किंवा मुलीस खेळावयास धाडतांना एवढें निक्षून सांगावें: सामना हरला तरी चालेल, संघांतली जागा गेली तरी चालेल; पण लागलें तर त्याच दिवशीं घरीं सांगायचें. आणि लेकरूं सांगूं लागलें, म्हणजे त्या वेळीं रागावूं नये. एकदां रागावलें, तर पुढच्या वेळीं तें सांगणार नाहीं.